कोळशाच्या धुराचा हिशेब

वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर वरोरा मागें पडलें म्हणजे भांदकच्या आधीं माजरी हें जंक्शन लागतें. येथून वणीच्या बाजूस एक फांटा फुटतो. दूरच्या प्रवाशास येथें उतरण्याचें फारसें कारण नसतें. परंतु ज्या घरांत आपण हें भाषण ऐकत असाल, त्या घरांतील दिव्याचा या गांवाशीं संबंध असण्याचा बराच संभव आहे. कारण माजरी म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यांतील कोळशाचा मुलूख. वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कंपनीच्या एका विभागास याच गांवाचें नांव आहे. वर्धा नदीच्या खोऱ्यांतील हा कोळसा वीजकेंद्रांच्या भट्ट्यांत जळतो आणि त्याची शक्ति तारांवाटे दूरदूरच्या शहरांपर्यंत पोंचते. शक्ति आपल्याकडे येते, राख तिकडे राहते, आणि धूर हा जणूं कोणाचाच नव्हे अशा समजुतीनें आकाशांत सोडून दिला जातो. त्या धुराचा हिशेब आज मांडावयाचा आहे.

अलीकडे एक विचार जगभर बोलला जात आहे. जो कर्ब आपण भूमीच्या पोटांतून काढला, तो जाळून झाल्यावर धुरांतून गाळून घ्यावा, जमल्यास त्याचा कांहीं उपयोग करावा, आणि उरेल तो पुनः भूमीच्या पोटांत पोंचवावा. धरणें, वापरणें आणि सांठविणें अशा या तीन क्रिया आहेत. कल्पना ऐकतांच मनास पटते. ज्याचें त्याला परत करावें इतकी ती सोपी वाटते. परंतु व्यवहारांत ती कितपत उतरते, तिला खर्च काय येतो, आणि तो कोणीं सोसावयाचा, हे प्रश्न सोपे नाहींत. माजरीसारख्या गांवाचें पुढचें आयुष्य त्यांच्या उत्तरांवर पुष्कळ अंशीं अवलंबून असल्यामुळें शहरांत राहणाऱ्या आपणांसही ते टाळतां यावयाचे नाहींत.

प्रथम वजनाचा हिशेब पाहूं. कोळशांतील जळणारा भाग मुख्यत्वेंकरून कर्ब होय. कर्ब जळतो म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं त्याचा संयोग होतो. १२ भार कर्ब ३२ भार प्राणवायु ओढून घेतो आणि ४४ भार कार्बन डायॉक्साइड उत्पन्न होतो. या वायूला आपण सोयीसाठीं नुसतें कर्बवायु म्हणूं. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. धुराड्यांतून जी काजळी किंवा राख बाहेर पडलेली दिसते ती निराळी. कोळशांत निम्मा भाग कर्ब धरला, तर एक टन कोळसा जळून जवळजवळ पावणेदोन टन कर्बवायु होतो. खाणींतून एक गाडी माल निघाला, तर आकाशांत जवळजवळ दोन गाड्या माल चढतो, असा हा विलक्षण व्यापार आहे. आपल्या देशांतील कोळशाच्या विजेचा सरासरी हिशेब असा कीं, एक युनिट वीज तयार होतांना किलोग्रॅमाला थोडा कमी इतका कर्बवायु बाहेर पडतो. महिन्याकांठीं ज्या घरांत दीडशें युनिटें जळतात, त्या घराच्या वांट्यास, ती सर्व वीज कोळशाची असेल तर, दीड क्विंटलाच्या आसपास हा अदृश्य वायु येतो. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्राची स्थापित शक्ति २९२० मेगावॉट आहे. हें केंद्र पूर्ण शक्तीनें एक तास चाललें, तर अदमासें पावणेतीन हजार टन कर्बवायु आकाशांत जातो. हा आंकडा लक्षांत ठेवावा. पुढें त्याचा उपयोग व्हावयाचा आहे.

आतां हा वायु धरावयाचा कसा, तें पाहूं. वीजकेंद्राच्या धुरांत त्याचें प्रमाण शेंकडा १२ ते १४ असतें. बाकीचा बहुतेक भाग नत्रवायूचा. शिवाय पाण्याची वाफ आणि उरलासुरला प्राणवायु. सगळाच धूर भूमींत घालावा म्हटलें, तर सातआठपट ओझें व्यर्थ वाहावें लागेल. म्हणून कर्बवायु तेवढा वेगळा काढणें प्राप्त होतें. यांतील रसायनाची ओळख आपल्या पानाच्या डब्यापाशींही करून घेतां येईल. चुन्याची निवळी एका पेल्यांत घेऊन तींत नळीनें श्वास सोडला, तर ती दुधासारखी पांढुरकी होते. कारण श्वासांतील कर्बवायु चुन्यानें धरला आणि त्याची चुनखडी बनली. म्हणजे वायु धरणारे पदार्थ आहेत. अडचण सोडविण्याची आहे. चुन्यानें एकदां धरलेला वायु परत सुटावयास भट्टीची, म्हणजे ९०० अंशांच्या आसपासची उष्णता लागते. आपल्याला असा पदार्थ हवा कीं, जो थंडपणीं वायु धरील आणि बेताच्या उष्णतेनें सोडून देईल, म्हणजे तोच पदार्थ पुनःपुनः वापरतां येईल.

असे पदार्थ अमोनियाच्या कुळांतील अमाइनें हे होत. १९३० सालीं अमेरिकेंत आर. आर. बॉटम्स यांना या रीतीचें पेटंट मिळालें. तेव्हांपासून नैसर्गिक वायु शुद्ध करण्याकडे तिचा उपयोग होत आला आहे. एका उंच मनोऱ्यांत वरून अमाइनाचें पाणी झिरपत सोडतात आणि खालून थंड केलेला धूर वर चढवितात. सुमारें ४० अंशांवर अमाइन कर्बवायूस धरून ठेवतें. बाकीचा धूर वरून निघून जातो. मग हें भारलेलें पाणी दुसऱ्या मनोऱ्यांत नेऊन १२० अंशांच्या आसपास तापवितात. तेथें शुद्ध कर्बवायु सुटतो आणि रिकामें झालेलें अमाइन पहिल्या मनोऱ्याकडे परत जातें. धुरांतील गंधकाचे वायु अमाइनास नासवितात, म्हणून धूर आधीं धुवूनही घ्यावा लागतो.

या यंत्रांत अद्‌भुत असें कांहीं नाहीं. परंतु तें फुकट चालत नाहीं. अमाइन तापविण्यास वाफ लागते आणि ती वाफ ज्या बॉयलरांतून वीज व्हावयाची त्याच बॉयलरांतून घ्यावी लागते. सुटलेला वायु शंभराहून अधिक वातावरणांच्या दाबाखालीं आणावयाचा, त्यासाठीं दाबयंत्रांना वीज लागते. दोन्ही मिळून केंद्राच्या विजेचा पांचवा ते चौथा हिस्सा याच कामीं खर्चीं पडतो. ५०० मेगावॉटांचा संच धूर धरूं लागला कीं, बाहेर देण्यास ३७५ ते ४०० मेगावॉट उरतात. उरलेली तूट भरून काढावयाची, तर आणखी कोळसा जाळला पाहिजे. म्हणजे माजरीच्या खाणींतून तो अधिक काढला पाहिजे. धूर पुरण्यासाठीं अधिक खणावें लागतें, हा या विद्येंतील पहिला कठीण प्रश्न होय. दुसरा पाण्याचा. या यंत्रांना थंड करण्यास पुष्कळ पाणी लागतें आणि चंद्रपूरचें केंद्र इरई धरणाच्या पाण्यावर चालतें. २०१० सालच्या उन्हाळ्यांत त्या धरणांत पाणी न उरल्यामुळें या केंद्रांतील संच बंद ठेवण्याची पाळी आली होती. जेथें आहे त्या यंत्रासच पाणी अपुरें पडलें, तेथें नवें यंत्र बसविण्यापूर्वी पाण्याची व्यवस्था सांगितली पाहिजे, हें उघड आहे.

वायु हातीं आला, आतां त्याचें काय करावयाचें? व्यापारी माणूस अर्थातच म्हणेल कीं, विकावा. आणि गिऱ्हाइकें आहेतही. सोडावॉटरच्या बाटलींत हाच वायु असतो. रायगड जिल्ह्यांत साळाव येथें जे. एस. डब्ल्यू. कंपनीच्या लोखंडाच्या कारखान्यांत रोजचा १०० टन कर्बवायु धरून तो खाद्यपेयांच्या धंद्यास पुरविण्याची सोय आहे. युरिया हें खत अमोनिया आणि कर्बवायु यांच्याच संयोगानें होतें. तामिळनाडूंत तुतिकोरीन येथील क्षारांच्या कारखान्यानें २०१६ पासून कोळशाच्या बॉयलरचा धूर गाळून त्याच्यापासून धुण्याचा सोडा बनविण्याचा उपक्रम केला. त्याची योजना वर्षाकांठीं ६०,००० टनांची होती. मध्यप्रदेशांतील विंध्याचल वीजकेंद्रांत राष्ट्रीय औष्णिक वीज महामंडळानें २०२२ मध्यें रोज २० टन वायु धरणारें यंत्र उभारलें. त्या वायूपासून मिथेनॉल हें द्रव इंधन करून पाहावयाचें होतें. हीं सर्व कामें कौतुकास्पद आहेत आणि त्यांत आपल्या देशांतील तंत्रज्ञांचें कर्तृत्व आहे.

परंतु मघाचा आंकडा आतां आठवावा. चंद्रपूरचें केंद्र पूर्ण शक्तीनें चालतें तेव्हां तासास पावणेतीन हजार टन, म्हणजे मिनिटास सुमारें ४६ टन कर्बवायु सोडतें. साळावच्या दिवसभराच्या धंद्यास त्याचीं सवादोन मिनिटें पुरतील. विंध्याचलच्या यंत्राची दिवसाची भूक अर्ध्या मिनिटांत भागेल. आणि तुतिकोरीनच्या वर्षाची बेगमी एका दिवसांत होऊन कांहीं तास उरतील. जगाचा हिशेब घेतला तरी गोष्ट तीच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनें २०१९ मध्यें दिलेल्या अंदाजाप्रमाणें सर्व जगांत कर्बवायूचा खप वर्षास २३ कोटी टनांच्या घरांत होता. उलट इंधनें जाळून उत्पन्न होणारा वायु साडेतीन हजार कोटी टनांहून अधिक. शिवाय वापरला म्हणजे नाहींसा झाला असेंही नाहीं. सोडावॉटरचें बूच उघडतांच वायु सुटतो. युरिया शेतांत पडला कीं, त्यांतील कर्बवायु थोड्याच दिवसांत हवेंत जातो. कर्बवायूपासून केलेलें मिथेनॉल जाळलें म्हणजे तोच वायु पुनः धुराड्याबाहेर येतो. जो कर्ब दगडांत, विटेंत अगर कांक्रीटांत बांधला जातो तोच दीर्घ काळ बांधलेला राहतो. तेव्हां वापराच्या कोणत्याही योजनेस पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा कीं, वायु किती काळ अडकून राहील? दिवस, महिने, कीं शतकें?

मग उरतें तें सांठविणें. येथें माजरीच्या माणसास साहजिकच वाटेल कीं, आमच्या जुन्या खाणी रिकाम्या पडल्या आहेत, त्यांतच हा वायु कां भरूं नये? याचें उत्तर मापानें देतां येतें. एक टन कोळसा खाणींतून निघाला कीं, मागें सुमारें पाऊण घनमीटर पोकळी राहते. त्या कोळशापासून झालेला कर्बवायु साध्या हवेंत नऊशें घनमीटरांहून अधिक जागा व्यापील. तो ३१ अंशांहून अधिक उष्णतेंत ७३ वातावरणांहून अधिक दाबाखालीं आणला, तर द्रवासारखा दाट होतो. पण तेवढें करूनही त्यास अडीच घनमीटर जागा लागते. म्हणजे जेथून कोळसा निघाला तेथें त्याचा धूर मावतच नाहीं. शिवाय असा दाब आपोआप टिकावयाचा, तर जागा ८०० मीटरांहून खोल पाहिजे आणि तिच्यावर छिद्र नसलेल्या खडकाचें झांकण पाहिजे. मनुष्यानें पोखरलेल्या, भेगाळलेल्या, हवेसाठीं नि वाहतुकीसाठीं भोंकें पाडलेल्या उथळ खाणी या कामास सर्वथा निरुपयोगी होत. या खोऱ्यांत कोळशाच्या थरांवर कामठीचा वालुकाश्म म्हणून ओळखला जाणारा सच्छिद्र खडक आहे. तो वायु घेईल खरा. परंतु त्यांत गोडें पाणी आहे आणि त्या पाण्यावर गांवांच्या विहिरी चालतात. अशा उथळ, पाणी धरणाऱ्या खडकाकडे वायूसाठीं बोट दाखविणें योग्य नव्हे.

जगांत ही विद्या जेथें यशस्वी झाली तेथें परिस्थिति निराळी होती. नॉर्वेच्या समुद्रांत स्लाइप्नर नांवाचें वायुक्षेत्र आहे. तेथें निघणाऱ्या नैसर्गिक वायूंत कर्बवायु अधिक असल्यामुळें विक्रीपूर्वी तो काढावाच लागे. १९९१ मध्यें नॉर्वेनें कर्बवायूवर कर बसविला आणि १९९६ पासून तेथील कंपनी हा वायु समुद्रतळाखालीं सुमारें एक किलोमीटर खोल असलेल्या खाऱ्या पाण्याच्या वालुकाश्मांत सोडूं लागली. वर्षास दहा लाख टनांच्या आसपास वायु तेथें जात आला. हवेंत सोडून कर भरण्यापेक्षां भूमींत घालणें स्वस्त, एवढें साधें गणित त्यामागें होतें.

महाराष्ट्राच्या दृष्टीनें अधिक कुतूहलाचा प्रयोग आइसलंडांत झाला. तेथील खडक आपल्या सह्याद्रीच्या खडकासारखा काळा बेसॉल्ट. त्यांतील चुना, मॅग्नेशियम आणि लोह यांशीं कर्बवायूचा संयोग होऊन पांढरा दगड बनतो. २०१२ मध्यें पाण्यांत विरघळवून तेथें वायु सोडला गेला, आणि दोन वर्षांच्या आंत त्याचा शेंकडा ९५ हून अधिक भाग दगड होऊन बसल्याचें २०१६ मध्यें प्रसिद्ध झालें. हें वाचून पुष्कळांचें लक्ष दख्खनच्या काळ्या पठाराकडे वळलें. पांच लाख चौरस किलोमीटर बेसॉल्ट आपल्या पायाखालीं पसरला आहे! परंतु येथेंही घाई उपयोगाची नाहीं. आइसलंडच्या रीतीनें एक टन वायूमागें सुमारें २५ टन पाणी लागतें. विदर्भांत तें कोठून आणावयाचें? दुसरें असें कीं, हें पठार पश्चिमेकडे जाड आणि पूर्वेकडे पातळ होत जातें. कोयनेच्या परिसरांत भूकंपाच्या अभ्यासासाठीं तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलें, तेव्हां बेसॉल्टाची जाडी सव्वा किलोमीटराच्या आसपास भरली. पण ज्या यवतमाळ-चंद्रपूरच्या सीमेवर आपलीं धुराडीं उभीं आहेत, तेथें हें पठार संपत आलेलें आहे. आणि कोयनेचें नांव घेतांच १९६७ चा भूकंपही आठवतो. भूमींत दाब वाढवावयाचा तो खडक पारखूनच वाढविला पाहिजे. मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें या विषयाचें राष्ट्रीय केंद्र स्थापन झालें आहे. त्यानें आणि इतरांनीं आधीं खडकांची नीट मोजणी करावी, आणि मगच आंकडे बोलावे, हें श्रेयस्कर.

सुरक्षिततेविषयीं दोन शब्द बोलणें अवश्य आहे. कर्बवायु विषारी म्हणून आपण भीत नाहीं. परंतु तो हवेहून जड असल्यामुळें सखल जागीं सांचून श्वास कोंडतो. १९८६ मध्यें आफ्रिकेंतील कॅमेरून देशांत न्योस सरोवरांतून निसर्गतःच सांचलेला कर्बवायु एका रात्रींत उसळला आणि सतराशेंहून अधिक माणसें मेलीं. २०२० मध्यें अमेरिकेंत मिसिसिपी राज्यांतील सटार्शिया गांवापाशीं कर्बवायूचा नळ फुटला. प्राणहानि झाली नाहीं, पण चाळीसहून अधिक लोकांस रुग्णालयांत न्यावें लागलें. उलट स्लाइप्नरचा सांठा तीन दशकें लक्ष ठेवूनही जागेवरच राहिलेला आढळला आहे. म्हणजे हें काम करतां येण्याजोगें आहे. परंतु तें पहाऱ्याचें काम आहे, आणि पहारा शंभर वर्षें कोण करील, याचें उत्तर कागदावर आधीं लिहिलें गेलें पाहिजे. कारण कंपन्यांचें आयुष्य खडकांच्या आयुष्याइतकें नसतें.

आतां पैशाचा प्रश्न. सोडावॉटरवाल्याखेरीज या वायूला फारसें कोणी मोल देत नाहीं. म्हणून पुरण्याचा खर्च कोणी तरी सोसावा लागतो. सोसणारे चार प्रकारचे असूं शकतात. एक, कर. नॉर्वेचें उदाहरण सांगितलेंच. दोन, सरकारी मदत. अमेरिकेंत कायमचा पुरलेल्या प्रत्येक टनामागें ८५ डॉलरपर्यंत करसूट देण्याचा कायदा २०२२ मध्यें झाला. तीन, तेल. जुन्या तेलविहिरींत कर्बवायु दाबला म्हणजे आंत अडकलेलें तेल बाहेर येतें. टेक्ससमधील पेट्रा नोव्हा येथें कोळशाच्या धुरांतून धरलेला वायु २०१७ पासून याच कामीं लावला गेला. पण २०२० मध्यें तेलाचा भाव कोसळतांच तें यंत्र थांबलें आणि २०२३ मध्यें पुनः सुरू झालें. ज्याचा प्राण दुसऱ्याच्या बाजारभावांत, त्याची शाश्वति किती हें यावरून दिसतें. चौथा सोसणारा म्हणजे गिऱ्हाईक, अर्थात् आपण. उदाहरणासाठीं धरूं कीं, धरणें, वाहणें आणि पुरणें यांचा सर्व खर्च टनास ३००० रुपये आला. एका युनिटामागें किलोपेक्षां थोडा कमी वायु येतो, तेव्हां दर युनिटास अडीच ते तीन रुपयांची वाढ होईल. दीडशें युनिटांच्या घरास महिन्याचे चारशें रुपये वाढले. हा आंकडा मीं समजण्यासाठीं घेतला आहे. खर्च याहून अधिक वा उणा येईल, परंतु गणिताची रीत हीच राहील. सूर्यप्रकाशाची वीज स्वस्त होत चालली असतां, एवढी भर घालून कोळशाची वीज कोण घेईल, हा प्रश्न व्यापारी मनुष्य विचारल्याशिवाय राहणार नाहीं.

म्हणूनच मला वाटतें कीं, चंद्रपूरच्या सगळ्या धुराड्यांस एकच न्याय लावूं नये. विजेस दुसरे मार्ग आहेत. परंतु याच परिसरांत राजुरा-कोरपन्याकडे चुनखडीचे डोंगर आणि सिमेंटचे मोठमोठे कारखाने आहेत. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली म्हणजे ५६ किलो चुना मागें उरतो आणि ४४ किलो कर्बवायु उडून जातो. भट्टी लांकडानें तापवा, विजेनें तापवा कीं सूर्यानें तापवा, हे ४४ किलो चुकत नाहींत. सिमेंटच्या धंद्यांतील निम्म्याहून अधिक कर्बवायु अशा रीतीनें दगडांतूनच येतो. जेथें दुसरा इलाज नाहीं तेथें धूर धरण्याच्या विद्येचें खरें स्थान आहे. नॉर्वेंतील ब्रेव्हिक येथें एका सिमेंट कारखान्यानें २०२५ मध्यें वर्षाकांठीं चार लाख टन वायु धरणारें यंत्र सुरू केलें. तो वायु जहाजांतून नेऊन समुद्रतळाखालीं सुमारें २६०० मीटरांवर पुरला जातो. त्यासही सरकारचा मोठा आधार लागला, हें विसरतां कामा नये. युरोपनें १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या सिमेंट, लोखंड इत्यादि मालावर त्यांतील कर्बाच्या प्रमाणांत आकार बसविण्याचा नियम पूर्णपणें अंमलांत आणला आहे, आणि आपल्या सरकारनेंही कर्बाच्या देवघेवीची योजना २०२३ मध्यें अधिसूचित केली. नीति आयोगाचा या विद्येवरील अहवाल २०२२ च्या नोव्हेंबरांत निघाला. तेव्हां हा विषय आतां प्रयोगशाळेंतून पेढीवर आला आहे, असें म्हणावयास हरकत नाहीं.

कोणी विचारील कीं, शेजारीं गडचिरोलीचें एवढें अरण्य असतां यंत्रांची यातायात कशाला? झाड कर्बवायु धरतें, पाणी त्यास पावसाचें पुरतें आणि विजेची त्यास गरज नाहीं, हें खरें. मेंढा-लेखा गांवास २००९ मध्यें आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. अशा गांवांनीं राखलेलें वन हा देशाचा मोलाचा सांठा आहे आणि त्याचा मान झालाच पाहिजे. परंतु माजरीच्या कोळशांतील कर्ब पंचवीस कोटी वर्षांहून अधिक काळ भूमींत होता. तो एका पिढींत वर काढून, ज्यांचें आयुष्य शंभर-दोनशें वर्षांचें अशा झाडांच्या स्वाधीन करणें, आणि वणवा लागला कीं हात झाडून मोकळें होणें, हा हिशेब बरोबर नव्हे. अरण्य अरण्यासाठीं राखावें. धुराड्याची पावती म्हणून तें दाखवूं नये.

याच प्रदेशांतील एक जुनी गोष्ट सांगण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत सरकारनें वरोऱ्यास कोळशाची खाण काढली, तिच्यासाठीं लोहमार्ग आणला, आणि १९०६ मध्यें ती खाण बंद झाली. खाण ही केव्हां तरी बंद होतेच. माजरीच्या खाणींचीही तीच गति आहे. मग ती कोळसा संपल्यामुळें येवो कीं कोळशाची मागणी संपल्यामुळें. धूर पुरण्याच्या विद्येचा उपयोग ती गति कांहीं वर्षें लांबविण्याकडे करावयाचा, कीं मिळालेल्या वर्षांत तेथील कामगारांस, त्यांच्या मुलांस दुसऱ्या उद्योगाची तयारी करून देण्याकडे करावयाचा, हें यंत्रज्ञ ठरवूं शकत नाहीं. भद्रावतीस कोळशापासून वायु करण्याच्या मोठ्या कारखान्यांच्या घोषणा झाल्या आहेत. त्या रीतींत कर्बवायु अधिक दाट स्थितींत हातीं येतो व धरण्यास सोपा जातो, हें खरें. परंतु धरल्यानंतर तो कोठें जाणार, हें कारखान्याच्या पायाचा दगड बसण्यापूर्वींच विचारलें पाहिजे. कारण धुराडें उभें राहिल्यावर प्रश्न विचारणाऱ्याचें कोणी ऐकत नाहीं.

तेव्हां श्रोतेहो, वर्तमानपत्रांत अशा एखाद्या योजनेची बातमी आपण वाचाल, तेव्हां चार गोष्टी पाहाव्या अशी माझी विनंति आहे. वर्षास किती टन वायु धरला जाणार, आणि त्या धुराड्यांतून एकंदर किती निघतो? तो किती काळ अडकून राहणार? त्यास पाणी आणि वीज किती लागणार, आणि तें पाणी कोणाच्या वांट्याचें? शेवटीं, पैसे कोण देणार, आणि शंभर वर्षांनीं पहाऱ्यावर कोण असणार? या चारी प्रश्नांचीं उत्तरें आंकड्यांत मिळालीं, तर योजना विचार करण्याजोगी आहे असें समजावें. एकाचेंही उत्तर टाळलेलें दिसलें, तर सिमेंटच्या, विजेच्या अथवा खताच्या भावांत तें उत्तर पुढें आपल्याच घरीं येणार आहे, आणि माजरीकडील विहिरींच्या पाण्यांत तें त्याच्याही आधीं पोंचलेलें असेल.